नीटच्या मॉकचे मार्क अडकले असतील तर

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी दर रविवारी मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देऊनही मार्क 720 पैकी 480-500 च्या मधेच घुटमळत असतील, तर आणखी एका टेस्ट सिरीजचे पैसे भरू नका. आपल्या इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या क्लासमधून घरी आलं की मुलं आधी रँक बघतात, मग सोल्यूशनची पीडीएफ चाळतात आणि पेपर मिटवून ठेवतात. मार्क वाढतात ते त्यानंतरच्या तीन-चार तासांत, आणि तेच तास कोणी देत नाही.

चुकलेला आणि सुटलेला प्रत्येक प्रश्न सोल्यूशन न बघता, घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. आता आला, तर धडा कच्चा नव्हता; वाचण्यात, आकडेमोडीत किंवा घाईत गडबड झाली. आताही आला नाही, तरच पुस्तक उघडा. एवढी निवड केली नाही की येत असलेलाच धडा परत परत वाचला जातो. मग एका वहीत प्रत्येक चुकीसाठी एक ओळ लिहा. समजा, ताशी 72 किलोमीटर वेगाची गाडी 5 मी/से² ऋण त्वरणाने थांबवायची आहे. वेग 20 मी/से करून घेतला तर अंतर 40 मीटर येतं. 72 तसाच सूत्रात घातला तर 518.4. इथे ‘गतीचा धडा वाचणे’ लिहून काही होत नाही. ‘सूत्राआधी एकक बदल’ असं लिहा. पुढच्या मॉकच्या आदल्या संध्याकाळी ही वही वाचायची, दुसरं काही नाही.

बरोबर उत्तराला 4, चुकीला उणे 1. दोन पर्याय खात्रीने कटत असतील तर उत्तर द्या: अशा दहांत पाच बरोबर आले तरी 15 मार्क हातात येतात. एकही पर्याय कटत नसेल तर वीस अंदाजांत सरासरी 5 मार्क मिळतात, आणि नशीब फिरलं तर असलेलेही जातात. ते सोडा.

180 प्रश्न, 180 मिनिटं. जीवशास्त्राच्या 90 ला 50 मिनिटं, रसायनाला 50, भौतिकला 60. उरलेली 20 सुटलेल्या प्रश्नांसाठी. ओएमआरचे, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचे, गोळे शेवटी एकदम भरू नका. मधला एक प्रश्न सोडलेला असतो, गोळा एक ओळ सरकतो आणि पुढचे सगळे चुकतात. प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोळे भरा, तेही घरच्या मॉकपासूनच.

जुने पेपर जरूर सोडवा, पण 2024 पासून अभ्यासक्रम कमी झाला आहे. वनस्पतींतलं वहन, खनिज पोषण, पचन व शोषण हे धडे आता नाहीत. ताई-दादाच्या पुस्तकावर अभ्यास चालू असेल तर आधी नव्या अभ्यासक्रमाची यादी समोर घ्या.

भाषेचं आपल्याकडे वेगळंच आहे. मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. इंदूरला हिंदी किंवा इंग्रजी. घरी आजोबा किंवा आई मराठीतून शिकवत असतील तर त्यांनाही सांगा: आपली ‘वारंवारता’ हिंदी पेपरात ‘आवृत्ति’ असते, ‘घनता’ असते ‘घनत्व’. हिंदी पत्रिकेत इंग्रजी प्रश्नही सोबत असतो, अडलं तर तो वाचा. भाषांतरात फरक पडला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात.

बोर्डाच्या महिन्यात भौतिक पूर्ण बंद पडतं आणि एप्रिलच्या पहिल्या मॉकला मार्क कोसळतात. त्या दिवसांतही रोज 45 मिनिटांत 30 प्रश्न चालू ठेवा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला रात्रभर जागणार असाल तर दुसऱ्या दिवशी मॉक नको, त्या आकड्यावरून काही कळत नाही.

मॉक नेहमी दुपारी 2 ते 5 या खऱ्या वेळेतच द्या, जेवण 12 च्या आत उरकून. 4 मे 2025 ला परीक्षा चालू असतानाच इंदुरात वादळाने वीज गेली होती. म्हणून एक-दोन मॉक पंखा बंद ठेवून, खिडकीच्या उजेडातही देऊन बघा.