अमेरिकेतला वर्णभेद खानदेशातल्या वर्गात कसा शिकवावा

अमेरिकेतला वर्णभेद शिकवायला घेतला की बहुतेक शिक्षक लिंकनपासून सुरू करतात आणि मार्टिन ल्यूथर किंगच्या भाषणापाशी थांबतात. मुलांची समजूत होते की काही दुष्ट लोक होते, मग दोन मोठी माणसं आली आणि प्रश्न मिटला. मी पारोळ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं कापूस पिकवणाऱ्यांची आहेत, काही सालदारांची, म्हणजे वर्षाच्या करारानं दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांची. हा विषय या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा लवकर कळतो, असं माझं ठाम मत आहे. मनातला द्वेष तर तिकडे होताच, पण तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो वजनकाट्याच्या, उधारीच्या वहीच्या, घरकर्जाच्या नकाशाच्या आणि मतदाराच्या अर्जाच्या जोरावर. काटा काय करतो आणि वही काय करते, हे आमच्या मुलांनी घरी पाहिलेलं असतं. तेव्हा शिकवताना भाषणांच्या आधी या वस्तू मुलांच्या हातात द्या.

विषय दिवाळीनंतर घ्या, वेचणी चालू असते तेव्हा. वर्गात सरकीसकट कापूस न्या. प्रत्येकाला मूठभर द्या आणि बोटांनी सरकी वेगळी करायला सांगा. पाच मिनिटांत तक्रारी सुरू होतात, कारण सरकीला धरून बसलेली रुई सुटता सुटत नाही. मग सांगा की १७९३ मध्ये एली व्हिटनी नावाच्या माणसानं सरकी काढायचं यंत्र केलं. आता विचारा, यंत्र आल्यावर मजूर कमी लागले असतील की जास्त? जवळजवळ सगळा वर्ग ‘कमी’ म्हणतो. घडलं उलटं. सरकी झटपट निघू लागली म्हणून कापसाखालची जमीन वाढत गेली, पण लागवड आणि वेचणी हातानंच करायची होती. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते जवळपास ४० लाख झाले. हे दोन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि मुलांना बोलू द्या.

त्यानंतर वेचणीकडे या. एक बाई दिवसाला किती कापूस वेचते, ते मुलांनाच विचारा. कुणी तीस किलो म्हणतं, कुणी चाळीस, आणि त्यावर वादही होतो. तो होऊ द्या. मग सॉलोमन नॉर्थपची गोष्ट सांगा. तो न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस. १८४१ मध्ये त्याला फसवून पळवलं आणि दक्षिणेत विकलं. पुढची बारा वर्षं तो लुइझियानात गुलाम होता. सुटून आल्यावर त्यानं लिहिलं की एका माणसाचं दिवसाचं ठरलेलं काम २०० पौंड होतं, म्हणजे नव्वद किलोच्या आसपास. संध्याकाळी टोपली घेऊन काट्याकडे जाताना प्रत्येकाच्या पोटात भीतीचा गोळा असे. वजन कमी भरलं तर फटके. जास्त भरलं तर उद्यापासून तेवढंच मागणार. हे दुसरं वाक्य दोनदा सांगा. जास्त राबण्याचीही शिक्षाच, हे मुलांच्या मनात उतरलं की गुलामगिरीची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

इथेच खानदेशाचा धागा जोडून द्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली, खानदेश-वऱ्हाडात कापसाचे भाव चढले. त्याच दशकात रेल्वे भुसावळवरून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसे भाव कोसळले आणि मुंबईचा शेअरबाजारही बसला. गुलामांच्या सुटकेची लढाई आपल्या काळ्या मातीपर्यंत कशी पोचली होती, हे कळल्यावर ‘परक्या देशाचं आपल्याला काय’ असं मुलं म्हणत नाहीत. पालक म्हणतात. त्यांनाही हेच उत्तर द्या.

पुढच्या तासिकेला वही घ्या. या भागाला भरपूर वेळ द्या, कारण पाठ्यपुस्तकं १८६५ नंतर थेट १९५५ वर उडी मारतात आणि मधल्या नव्वद वर्षांतच सगळं मुरलेलं आहे. गुलामगिरी गेली, पण सुटलेल्या माणसांना जमीन मिळाली नाही. त्यांना अर्धेलीनं शेती करावी लागली, बहुतेकदा जुन्या मालकाच्याच जमिनीवर. बी, अवजारं, पीठ, कापड सगळं मालकाच्या किंवा गावातल्या व्यापाऱ्याच्या दुकानातून उधार, आणि हिशोब पीक आल्यावर. हे नुसतं सांगू नका, करून दाखवा. एका मुलाला मालक करा, एका मुलीला शेत करणारी. मी फळ्यावर समजण्यापुरते आकडे घेते. कापूस विकला गेला १०० ला. निम्मे मालकाचे, हातात उरले ५०. दुकानाची उधारी ४८, त्यावर व्याज १४, म्हणजे देणं ६२. वर्षभर राबून १२ अंगावर आणि पुढचं साल त्याच वावरात.

आता एकच प्रश्न विचारा: वही कुणाच्या हातात आहे? गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. वही वाचता न येणारा माणूस हिशोब कसा तपासणार? आणि तपासू म्हणणाऱ्याला जमिनीवरून हाकलत, कधी जिवे मारत. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मंग तो बी सालदारच व्हयना ना, मॅडम?” त्याच्या वडिलांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल धरलेलं होतं आणि उचल फिटायची होती.

असा प्रश्न आला की त्याला ‘हो’ म्हणून मोकळं होऊ नका. साम्य आणि फरक दोन्ही दाखवा, वर्गातल्या कुणाच्या घराचं नाव न घेता. उचल, व्याज, पुढच्या सालाचा फास हे साम्य आहे. फरक असा की दक्षिणेत कामाशिवाय फिरणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला भटक्या ठरवून पकडत, दंड ठोठावत, आणि दंड भरता आला नाही की त्याला खाणींत किंवा रेल्वेच्या कामावर भाड्यानं देत. १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती गुलामगिरी बंद करते, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल अशी सवलत तिच्यातच लिहिलेली आहे. ते कलम वर्गात मोठ्यानं वाचून घ्या. कायद्यातली चार शब्दांची फट काय करू शकते, हे एवढं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

नकाशा थोडक्यात आटपतो. चार रंगांचे खडू घ्या. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारच्या गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे करवले. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, मग पिवळी, आणि ‘धोक्याची’ लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल. तिथे कर्ज मिळणं मुश्कील, कर्ज नाही म्हणून स्वतःचं घर नाही. तिकडे शाळांचा बराच पैसा त्या भागातल्या घरपट्टीसारख्या करातून येतो, म्हणून शाळाही गरीब. घरांच्या बाबतीत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा १९६८ मध्ये झाला, ४ एप्रिलला किंग यांचा खून झाल्यावर आठवड्याच्या आत. तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. २०२२ च्या सरकारी पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (निम्म्या कुटुंबांकडे याहून जास्त, निम्म्यांकडे कमी) सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. रंगवलेला नकाशा आणि हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवा. ‘कायदा झाला ना, मग आता का मागे?’ या प्रश्नाचं उत्तर मुलं स्वतः शोधतात.

आता टांगा आणि बस. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे.

१९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारच्या एका समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. तिथल्या अस्पृश्य मंडळींनी एक रात्र राहण्याचा आग्रह केला होता. महारवाडा स्टेशनपासून दोनेक मैलांवर. टांगे उभे होते, पण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. अखेर तोड निघाली की टांगा मिळेल, टांगेवाला येणार नाही. वस्तीतल्याच एकानं लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या फरशीपुलावर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब बाहेर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. परदेशातल्या पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर आणि हातावर पोट असलेला टांगेवाला, तरी आपण वरचे असं टांगेवाल्याला वाटत होतं. चाळीसगाव स्टेशन आमच्या मुलांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे वर्ग अगदी शांत होतो.

लगेच मॉन्टगोमेरीला चला. १९५५. अलाबामातल्या या शहरात बसच्या पुढच्या जागा गोऱ्यांच्या. रोझा पार्क्स यांनी १ डिसेंबरला जागा सोडली नाही, हे मुलांना माहीत असतं. पण ‘दमलेली शिंपीण’ एवढीच ओळख देऊन थांबू नका. त्या तिथल्या नागरी हक्कांच्या संघटनेच्या शाखेत वर्षानुवर्षं चिटणीस होत्या, काय करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्चला, क्लॉडेट कोल्विन नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीनं हेच केलं होतं आणि तिला पोलिसांनी बसमधून ओढून नेलं होतं. पंधरा वर्षं, म्हणजे दहावी. पुढे बसमधल्या भेदभावाविरुद्ध जो खटला जिंकला गेला, त्यातल्या चार फिर्यादी बायकांत ती होती.

पार्क्स यांच्या अटकेनंतर तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला. वर्गाचे गट करा आणि काम द्या: तुमच्या गावात उद्यापासून कुणी एसटीत बसायचं नाही, पण कामावर तर जायचंय, काय कराल? मुलं भराभर लिहितात, सायकली, ट्रॅक्टर, काळीपिवळी, डिझेलची वर्गणी, म्हाताऱ्यांसाठी वेगळी सोय. मग सांगा की तिथेही असंच झालं. जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं रातोरात हजारो पत्रकं छापून काढली, लोकांनी आपापल्या मोटारी दिल्या, धुणीभांडी करणाऱ्या बायका मैलोन्‌मैल चालल्या. चळवळ म्हणजे मोठ्या नेत्याचं भाषण, ही समजूत पुसायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

मतदानाचं थोडक्यात सांगितलं तरी चालतं. कृष्णवर्णीय पुरुषांचा मताचा अधिकार १८७० पासून कागदावर होता. पण साक्षरतेची परीक्षा, मतदानासाठी कर आणि नोंदणी करणाऱ्या गोऱ्या कारकुनाची मर्जी यांनी तो अडवला, तो थेट १९६५ च्या कायद्यापर्यंत.

आजचा काळ शिकवताना एक पथ्य पाळा. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर पोलिसानं नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला. ती चित्रफीत वर्गात दाखवू नका. माणसाचं मरण हे शिकवण्याचं साधन नव्हे. त्याऐवजी सांगा की ती एका सतरा वर्षांच्या मुलीनं फोनवर टिपली, आणि त्यामुळे त्या पोलिसाला शिक्षा होऊ शकली.

पोरांचे मामा-काका तिकडे नोकरीला असतील तर भारतीयांचा प्रश्न निघतोच. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांना ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. मोठ्या संख्येनं भारतीयांना दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं, कृष्णवर्णीयांच्या चळवळीनं देश हलवल्यावर. आणि २०२३ मध्ये सिएटल शहराला जातीवरून भेदभावाला बंदी घालावी लागली. हे तिन्ही सांगा. तिसरं गाळलं तर शिकवणं अर्धं राहतं.

‘तिकडचा वर्ण म्हणजे इकडची जात का?’ असं कुणी विचारलं तर जोतिरावांकडे जा. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या दुःखातलं साम्य मांडलं. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर हे नाव घेतलं. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं यांतल्या कुणी म्हटलं नाही, पण एकमेकांकडे पाहून शिकता येतं हे त्यांनी दाखवलं. मात्र वर्गात कुणालाही स्वतःची जात सांगायला लावू नका, गावातली वस्ती दाखवायला लावू नका. गावचा नकाशा काढायचाच तर विहिरी, नळ, दिवे आणि डांबरी रस्ता एवढंच नोंदवायला सांगा. बाकीचं मुलांना दिसतं.

आणि वर्गात कुणाला ‘काळ्या’ किंवा ‘काळी’ म्हणून हाक मारली जात असेल तर हा विषय सुरू होण्याआधीच ती बंद करा. शिक्षकांनी प्रेमानं मारलेली हाकसुद्धा.

परीक्षेत सनावळ्या विचारू नका. मी एक प्रश्न ठेवते: ‘१८६५ मध्ये सुटलेल्या एका कुटुंबाची १९६८ पर्यंतची चार पिढ्यांची हकीकत लिहा, प्रत्येक पिढीत त्यांना कोणत्या कागदानं अडवलं ते सांगा.’ दहा गुण. प्रत्येक पिढीला दोन, आणि त्या कुटुंबानं विरोध कसा केला यासाठी उरलेले दोन. उत्तर अहिराणीत लिहिलं तरी गुण कापू नका.