पिकअप झालं, ट्रान्सफर झालं: आता अंगात काय काय होतं आणि फोन कधी करायचा

दादरच्या एका आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) क्लिनिकमध्ये मी सिस्टर आहे. ओव्हरीतून, म्हणजे बीजांडकोशातून, बीजं बाहेर काढतात ते पिकअप; बाहेर तयार झालेला एम्ब्रियो, म्हणजे इवलासा गर्भ, गर्भाशयात ठेवतात ते ट्रान्सफर. लोकांना वाटतं माझं काम इंजेक्शन द्यायचं. खरं काम फोन उचलायचं. संध्याकाळी बायका ऑफिसातून घरी पोचल्या, कुकर लावला, की सुरू होतं. "सिस्टर, पोट फुगलंय." "सिस्टर, चॉकलेटी डाग दिसला." "सिस्टर, कालपर्यंत छाती दुखत होती, आज काहीच नाही, गेलं का सगळं?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. तुमची फाइल त्यांच्यासमोर आहे, माझ्यासमोर नाही.

या दिवसांत बायका शरीराकडे दोन कारणांनी बघतात: निकाल आधी कळतोय का, आणि काही बिघडलंय का. निकालासाठी शरीराकडे बघणं फुकट आहे. बिघाडासाठी मात्र बघायलाच हवं. आणि होतं नेमकं उलटं. छातीत जरा टोचलं की दहा वेळा आरशासमोर उभ्या राहतात, आणि लघवी दिवसभरात दोनदाच झाली हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

एक वही करा

पिकअपच्या दिवसापासून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, वजन करा. काटा नसेल तर शिलाईची टेप बेंबीवरून गुंडाळून पोटाचा घेर मोजा. दोन्ही केलंत तर उत्तम. लघवी नेहमीइतकी होतेय का, दुखणं कालपेक्षा वाढलं की कमी झालं, कुठली औषधं घेतली, एवढं एका ओळीत लिहा. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण नवऱ्याला दिसेल असं असावं. तुम्ही उलट्या करत असाल तेव्हा फोनवर तोच बोलणार आहे.

पिकअपनंतरचं पोट

"बीजं तर काढली, मग पोट आता का फुगलं?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकीचा. एरवी महिन्याला एक फॉलिकल (बीज वाढतं ती पाण्याची पिशवी) मोठा होतो. इंजेक्शनांमुळे दहा-बारा, कधी त्याहून जास्त फॉलिकल एकदम वाढतात. ३-४ सेंटीमीटरची ओव्हरी चांगली दुप्पट होते. पिकअपला सुईने प्रत्येक फॉलिकलमधलं पाणी ओढून बीज घेतात, पण ती रिकामी पिशवी तिथेच राहते, पुन्हा भरते आणि हार्मोन बनवायला लागते. त्यामुळे फुगणं पिकअपच्या दिवशी संपत नाही, उलट पुढचे तीन-चार दिवस थोडं वाढतं. मग ओसरायला लागतं आणि पाळी आली की बरंचसं उतरतं. वाढलेलं दोन-अडीच किलो वजन मुख्यतः पाणी असतं. त्यासाठी जेवण कमी करू नका.

पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात पाळीसारखं दुखणं, थोडं रक्त किंवा गुलाबी स्राव, भुलीमुळे मळमळ, गॅस, हे सगळं अपेक्षित आहे. सुई योनीमार्गातून जाते, तिथून थोडं रक्त येणारच. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. घरातल्या डब्यातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. बद्धकोष्ठ होतो, आणि अर्ध्या बायका ज्याला "ओव्हरी दुखतेय" म्हणतात ते खरं तर तेच असतं. इसबगोल, पपनस, भाजी, पाणी. दोन दिवस काहीच झालं नाही तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या, कुंथत बसू नका.

नाडी सैल बांधा. ही गोष्ट कुठल्या कागदावर लिहिलेली नसते. परकराची किंवा सलवारीची नाडी नेमकी त्याच रेषेवर आवळते आणि संध्याकाळपर्यंत जीव नकोसा होतो. आठवडाभर गाऊन, कुर्ता, इलॅस्टिकची पँट.

लोकलचं काय? पिकअपच्या दिवशी नाही. भूल दिलेली असते, सोबत कुणीतरी हवं आणि टॅक्सी हवी. त्यानंतर बरं वाटत असेल तर जा. पण गाडी पकडायला जिन्यावरून धावू नका, आणि विरार फास्टच्या दाराशी तर अजिबात नको. गर्दीने आतलं काही निसटत नाही. सुजलेल्या पोटावर कोपर बसलं की दुखतं, एवढंच. धावणं, उड्या, झुंबा, पोटाला पीळ देणारी आसनं मात्र पाळी येईपर्यंत बंद. मोठी झालेली, जड ओव्हरी स्वतःभोवती पिळू शकते. हे फार कमी वेळा होतं, पण झालं तर एका बाजूला अचानक असह्य कळ येते, बरोबर उलटी. अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते, लगेच निघायचं. संबंधही डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबवा.

फुगणं कधी नॉर्मल राहत नाही

फुगणं हाताबाहेर गेलं की त्याला ओएचएसएस म्हणतात. ओव्हरी औषधाला गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देते, रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपून पोटात साठतं, आणि त्यामुळे रक्त घट्ट होतं. सौम्य प्रकार बऱ्याच जणींना होतो आणि आपोआप जातो. गंभीर प्रकार थोड्यांना होतो, पण ॲडमिट व्हावं लागतं. पीसीओएस (ओव्हरीत बरेच छोटे फॉलिकल असण्याचा त्रास) असलेल्या, वयाने लहान, अंगाने बारीक आणि भरपूर फॉलिकल आलेल्या बायकांनी जास्त लक्ष द्यावं.

तो दोन वेळा येऊ शकतो. पहिल्यांदा एचसीजी या हार्मोनच्या ट्रिगर इंजेक्शननंतर (बीजं पिकवायला पिकअपच्या आधी देतात ते) आठवड्याच्या आत. दुसऱ्यांदा, फ्रेश ट्रान्सफर (पिकअपच्याच महिन्यात, फ्रीझ न करता) होऊन गर्भ राहिला तर ट्रिगरच्या साधारण दहा दिवसांनंतर, कारण आता गर्भच एचसीजी बनवतो. म्हणजे पहिला आठवडा सुखाचा गेला म्हणून वही मिटायची नाही. हाच धोका टाळण्यासाठी डॉक्टर अनेकदा ट्रिगर बदलतात किंवा सगळे एम्ब्रियो फ्रीझ करून ट्रान्सफर पुढच्या महिन्यावर टाकतात. त्या दिवशी पेशंट रडतात. मला मात्र त्या निर्णयाने बरं वाटतं.

वही इथे कामाला येते. एका दिवसात किलोहून जास्त वजन वाढलं, पोट ताणून कडक झालं, लघवी कमी आणि गडद झाली, पाणीसुद्धा पोटात ठरेना, आडवं पडल्यावर दम लागतो, एका पायाची पोटरी सुजून दुखते: यातलं एक जरी असलं तरी रात्री दोनलाही फोन करा. नॉर्मल फुगणं पहिल्या तीन-चार दिवसांनंतर रोज थोडं ओसरतं. हे रोज वाढतं.

नारळपाणी प्या, ताक प्या, डाळ, अंडी, पनीर, मासे खा. पण "पाच लिटर पाणी प्यायलीच पाहिजे" हे खूळ काढून टाका. तहानेप्रमाणे, थोडंथोडं, दिवसभर. हळदीचं दूध प्यायलंत तर माझी हरकत नाही, फक्त त्यावर फोन टाळू नका.

ट्रान्सफरनंतर

सासूबाईंच्या पिढीला टेस्ट ट्यूब बेबी म्हटलं की परळच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मलेलं बाळ आणि डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव आठवतं. पूर्वी ट्रान्सफरनंतर पेशंटला बराच वेळ झोपवून ठेवायची पद्धत होती, म्हणून घरात "पाय वर करून पड, संडासलासुद्धा जपून जा" असं चालू असतं. पुढे अभ्यास झाले आणि पडून राहिल्याने यश वाढत नाही हे दिसलं. गर्भाशयाच्या भिंती मिटलेल्या पुस्तकाच्या पानांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात; मिलिमीटरच्या अंशाएवढा एम्ब्रियो त्यांच्यामध्ये असतो. उठल्याने, शिंकल्याने, खोकल्याने तो पडत नाही. लघवीची वाट तर वेगळीच आहे. ट्रान्सफरला तुंबवून ठेवलेलं मूत्राशय आधी रिकामं करा, तेवढं सुख घ्या.

त्या दिवशी कॅथेटर (एम्ब्रियो आत ठेवायची बारीक नळी) गर्भाशयाच्या मुखाला लागून एखादा डाग दिसतो. हलकं पोट दुखतं. काही वाटलं नाही तरी तेही नॉर्मलच.

ही लक्षणं औषधाची आहेत

ट्रान्सफरपासून निकालापर्यंत तुम्ही प्रोजेस्टेरॉनवर (गर्भाशयाचं अस्तर टिकवणारं हार्मोन) असता. त्याने छाती जड होते, झोप येते, गॅस होतो, शौचाला कडक होतं, रडू येतं, नवऱ्याचा राग येतो (तो कधीकधी औषधाशिवायही येतो). गर्भ राहिल्यावर हेच सगळं होतं, कारण तेव्हाही शरीरात प्रोजेस्टेरॉनच वाढलेलं असतं. म्हणून लक्षणांवरून काही कळत नाही. लक्षणं गेली म्हणून संपलं नाही, आणि आली म्हणून राहिलं नाही. मैत्रिणीला सातव्या दिवशी मळमळलं होतं, तुम्हाला नाही, याचा अर्थ शून्य.

गोळ्या किंवा जेल आत ठेवत असाल तर पांढरा, दाणेदार स्राव येतो. ते औषधाचं आवरण आहे, औषध वाहून गेलं नाही. पॅड लावा, टॅम्पॉन नको. बोटाने किंवा ॲप्लिकेटरने मुखाला धक्का लागून चॉकलेटी डाग पडू शकतो. पण खाज आणि वास असेल, किंवा दह्यासारखा स्राव असेल, तर इन्फेक्शन असू शकतं, सांगा. तेलातलं इंजेक्शन घेणाऱ्यांच्या कमरेखाली गाठी येतात. बाजू बदलत राहा, नंतर कोमट शेक द्या आणि थोडं चाला. जागा लाल, गरम झाली किंवा ताप आला तर दाखवा. पोटावर हेपॅरिनची (रक्त पातळ ठेवणारी) इंजेक्शनं असतील तर निळे डाग उमटतात. तिथे चोळू नका, चोळल्याने डाग पसरतो.

डाग दिसला की पहिला विचार येतो, आता औषध कशाला? हे करू नका. फ्रोझन ट्रान्सफर गोळ्यांवर केलं असेल तर त्या महिन्यात ओव्हरीने बीज सोडलेलंच नसतं, त्यामुळे तुमचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉनही नसतं. सगळं बाहेरून येतंय. ते मनाने थांबवणं म्हणजे राहिलेला गर्भही धोक्यात घालणं. आधी बीटा (गर्भ राहिला का हे सांगणारी रक्ताची तपासणी), मग निर्णय, आणि तो डॉक्टरांचा.

घरी पट्टीवर बघायचा मोह सगळ्यांना होतो. ट्रिगरमधलं एचसीजी दहा-बारा दिवस, कधी त्याहून जास्त रक्तात राहू शकतं, त्यामुळे फ्रेश सायकलमध्ये आलेली फिकट रेघ इंजेक्शनची असू शकते. आणि फार लवकर केली तर गर्भ असूनही रेघ येत नाही. दोन्हीकडून मनस्ताप. दिलेल्या तारखेला रक्त द्या.

निगेटिव्ह आलं तर

डॉक्टरांनी औषध बंद करायला सांगितल्यावर साधारण आठवड्याभरात पाळी येते. ती नेहमीपेक्षा जास्त असते, गाठी पडतात, दुखतंही जास्त, कारण औषधांनी अस्तर जाड केलेलं असतं. ती एक पाळी तशी गेली म्हणून घाबरू नका. पण तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय, चक्कर येतेय, तर फोन. पुढची पाळी थोडी मागेपुढे होऊ शकते. औषध बंद करून दोन आठवडे झाले तरी पाळी नाही, तर कळवा, आणि बीटा पुन्हा करायचा का तेही विचारा.

याच दिवसांत हळूच एक प्रश्न येतो: इतकी बीजं काढली, आता लवकर पाळी जाणार का? नाही. दर महिन्याला अनेक फॉलिकल वाढायला लागतात, त्यातला एक पुढे जातो आणि बाकीचे सुकून जातात. इंजेक्शनं त्या सुकणाऱ्यांना वाढवतात. पुढच्या वर्षांचा साठा त्यात खर्च होत नाही.

पॉझिटिव्ह आलं तर

आठवड्यांचा हिशोब घरात भांडण लावतो. पाचव्या दिवसाचा एम्ब्रियो ठेवला असेल तर त्याच दिवशी तुम्ही २ आठवडे ५ दिवसांच्या धरल्या जाता, कारण मोजणी बीज सुटण्याच्या दोन आठवडे आधीपासून होते. "ट्रान्सफरला तीनच आठवडे झाले, मग पाच आठवडे कसे?" तर असे.

सुरुवातीला थोडे डाग पुष्कळ जणींना जातात आणि गर्भ नीट वाढतो. तरी प्रत्येक डाग कळवा. एका बाजूला वाढत जाणारं दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी येणं, यात वाट बघू नका. एम्ब्रियो गर्भाशयात ठेवला तरी क्वचित तो नळीत जाऊन रुजतो, आणि सोनोग्राफीत गर्भाची पिशवी गर्भाशयात दिसेपर्यंत ती शंका ठेवावी लागते.

फोनवर काय सांगायचं

रिसेप्शनला "बरं वाटत नाही" एवढंच सांगितलंत तर ती म्हणेल उद्या या. पिकअपची किंवा ट्रान्सफरची तारीख, ट्रिगर कुठला होता, चालू औषधं, कालचं आणि आजचं वजन, लघवी, ताप मोजून (१००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर लगेच), आणि रक्त असेल तर किती पॅड. ही माहिती दिलीत तर सिस्टर डॉक्टरांना जेवणाच्या ताटावरून उठवते.

आणि इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवा की रात्री कुठल्या हॉस्पिटलला जायचं. बदलापूर, विरार, पनवेलच्या बायकांनी घराजवळचं एक ठरवून, तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ रात्री असतात का हे बघून ठेवावं. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं आणि गाड्या बंद पडल्या की दादरला पोचण्याचा हट्ट करायचा नाही. जवळच्या ठिकाणी जायचं, फाइल आणि वही न्यायची, आणि दाराशीच सांगायचं की आयव्हीएफची ट्रीटमेंट चालू आहे.