तळघरात ओटीपी अडकून पार्सल परत जात असल्यास: माझा अनुभव

वांद्रे-कुर्ला संकुलातील अनेक इमारतींत कुरिअरवाल्यांना तळघरातून मालाच्या लिफ्टकडे पाठवतात. तिथे रेंज नसल्याने ग्राहकाने सांगितलेला ओटीपी अ‍ॅपमध्ये भरला, तरी चक्र फिरत राहते आणि पार्सल परत न्यावे लागते. सिम बदलून, अ‍ॅप पुन्हा टाकूनही फरक पडला नाही. मनस्ताप मात्र फार झाला.

उपाय क्रमातच होता. रॅम्प उतरण्यापूर्वी रस्त्यावरच ग्राहकाला फोन करून विंग, मजला आणि इनवर्ड विभाग (कंपनीत आलेली पार्सले स्वीकारणारा विभाग) कुठे आहे ते विचारावे, पण ओटीपी तेव्हा मागू नये, कारण त्याची मुदत थोडी असते. गेटपास घेऊन वर जावे, इनवर्डच्या खिडकीशी रेंज आल्याची खात्री करावी, मगच ओटीपी मागून भरावा आणि ‘डिलिव्हर्ड’ उमटल्यावरच पार्सल हातातून सोडावे. पीओडीवर, म्हणजे पार्सल मिळाल्याच्या पोचपावतीवर, सहीबरोबर कंपनीचा गोल शिक्का आवर्जून घ्यावा. पुढे तक्रार आली, तर तोच उपयोगी पडतो.