सूर्य टिकलीसारखा चिकटलेला दिसत होता, शेवटी असा जमला

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 1872 चं 'इम्प्रेशन, सनराइज' हे चित्र आहे न, फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातलं, तेच मी आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर बसवत होतो, जहाजाच्या जागी डोंगा. ॲक्रेलिकमध्ये. पण सूर्य काही केल्या चमकेना. आजी म्हणे, "टिकली काऊन चिपकवली रे?"

पिवळा वाढवला, पांढरा टाकला, आभाळ गडद केलं, सगळं फेल. तीन कॅनव्हास वाया गेले, डोकं फिरलं होतं.

मग मूळ चित्राचा फोटो मोबाईलात ब्लॅक अँड व्हाइट केला तर सूर्य जवळपास गायबच! म्हणजे तो आभाळापेक्षा उजळ नाहीच, उजेड तेवढाच, फक्त रंग वेगळा, म्हणून डोळ्याला थरथरतो.

मग असं केलं. आधी कॅडमियम ऑरेंजचा (भडक नारिंगी) पट्टा कागदावर मारून पूर्ण वाळू दिला (ॲक्रेलिक वाळल्यावर थोडं गडद होते, ओल्यावर भरोसा ठेवू नका). मग अल्ट्रामरीन (गडद निळा) अन् बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून राखाडी-निळा केला, थोडा थोडा पांढरा टाकत बाजूला ठिपके लावले, तेही वाळू दिले, ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. जो ठिपका पट्ट्यात मिसळून गेला, त्याच रंगानं सूर्याभोवतीचं आभाळ. ते वाळल्यावर जाड नारिंगी, एकाच फटक्यात, परत गिरवायचं नाही. पाण्यातलं प्रतिबिंब त्याच रंगाच्या तुटक फटकाऱ्यांनी. डोंगा सर्वात शेवटी, तेच दोन रंग, पांढरा न टाकता.

आजी आता म्हणते डोंगा वाकडा आहे, ते खरंच आहे.