गाजर गवत उपटायचे तर पहिल्या पावसानंतर

गाजर गवताचे बी जमिनीत असते वर्षभर, पण ते मोठ्या संख्येने रुजते ते ओल आणि मध्यम तापमान एकत्र आल्यावर. साधारण 8 ते 30 अंश सेल्सिअसमध्ये ते उगवू शकते, आणि 22 ते 25 अंश त्याला सर्वांत मानवतात. मे महिन्यात रान तापलेले आणि कोरडे असते, म्हणून बांध मोकळे दिसतात. मृगाचा पाऊस पडून हवा गार झाली की तेच बांध हिरवे होतात.

पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी बांध, उकिरडा, विहिरीचा काठ फिरून पाहा. रोप तेव्हा जमिनीलगत पसरलेले असते, पाने गाजरासारखी कातरलेली. वाफसा आला की मुळासकट सहज निघते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुले येतात आणि एका झाडापासून हजारो बिया पडतात, म्हणून पांढरी फुले दिसेपर्यंत थांबू नकाच. नुसते वरून कापले तर बुडातून पुन्हा फुटते.

थंडीत रोप सावकाश वाढते, फुलायला जास्त दिवस घेते. रब्बीला पाणी देणाऱ्यांनी पाटाच्या कडा तेव्हाच साफ कराव्यात.

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, या गवताने अंगाला भयंकर खाज सुटते. पानांवर काळ्या रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसले तर तिथे फवारणी करू नका, ते हेच गवत खातात.