बेंच हुक आणि शूटिंग बोर्ड करायला बसण्याआधी

बेंच हुक म्हणजे करवतीने कापताना लाकूड टेबलावर अडवून धरणारी फळी, तिला वर एक आणि खाली एक पट्टी असते. शूटिंग बोर्ड म्हणजे रंधा सरकवून लाकडाचं टोक काटकोनात आणायची फळी. सर्वांत आधी गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचं हत्यार, तपासा. सरळ कडेच्या फळीला तो टेकवून टोकदार पेन्सिलीने रेघ मारा, मग उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक बसल्या तर पुढे चला. टोकाशी फट दिसली, तर गुण्याची चूक त्या फटीच्या निम्मी आहे, आणि मग बाकीची तयारी तिथेच थांबवा. या दोन्ही वस्तूंची सगळी किंमत एका काटकोनात आहे. दुकानातून आणलेला महागडा गुण्याही या परीक्षेतून सोडू नका.

तळासाठी १८ मिमी प्लाय. शेजारीपाजारी फर्निचरचं काम चालू असेल तर तुकडे पडलेले असतात, मागायला लाजू नका. फक्त सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबून पाहा आणि डुलणारा तुकडा परत द्या. बेंच हुकला साधारण २५० बाय २०० मिमी पुरे. वरच्या-खालच्या पट्ट्या वाळलेल्या सागाच्या. पावसाळ्यात वखारीतून आणलेली पट्टी तशीच वापरू नका, खाली-वर हवा खेळेल अशी काही आठवडे घरात पडू द्या.

आता करवत बघा. ढकलताना कापणारी असेल तर नेहमीचा हुक चालतो: खालची पट्टी टेबलाच्या आपल्याकडच्या कडेला अडते आणि ढकलण्याच्या जोरानेच सगळं घट्ट बसतं. जपानी करवत ओढताना कापते. तिच्यासाठी वरची पट्टी आपल्या बाजूला हवी आणि तळ टेबलाला क्लॅम्पने धरायला हवा. (जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबणाऱ्या सुतारांना हुकाची गरजच पडली नाही.) उजव्या हाताने कापत असाल तर वरची पट्टी उजवीकडे २० मिमी आखूड ठेवा, म्हणजे करवत टेबलाऐवजी हुकाच्या तळावर उतरेल. ही पट्टी फेविकॉल आणि लाकडी खुंट्यांनीच बसवा. स्क्रू लावलात तर करवतीचे दात कधीतरी त्याला भेटणारच. क्लॅम्प कमी असतील तर वर जड वजन ठेवून रात्रभर हात लावू नका.

शूटिंग बोर्डाला तळावर आणखी एक अरुंद थर लागतो, १२ मिमीचा. रंधा आडवा पडून खालच्या थरावर सरकणार, म्हणून रंध्याची बाजू रंध्याच्याच तळाशी काटकोनात आहे का हे त्याच गुण्याने पाहून घ्या. पातं आदल्या दिवशीच पाजवून ठेवा. बोथट पात्याने लाकडाच्या कापलेल्या टोकाचे तंतू कापले जात नाहीत, फाटतात. लाकूड टेकवायची इथली पट्टी मात्र चिकटवू नका. दोन स्क्रू घ्या, त्यातल्या एकाचं भोक पट्टीत थोडं सैल ठेवा, म्हणजे एखादा तुकडा रंधून पाहिल्यावर कोन किंचित हलवता येतो. रंधा सरकतो त्या वाटेवर घासायला एक साधी मेणबत्ती हाताशी असू द्या.

बेंच डॉग, म्हणजे लाकूड अडवायला टेबलाच्या भोकात बसवायच्या खुंट्या, करायचे असतील तर आधी ड्रिलचा बिट आणा, बहुधा १९ मिमीचा, आणि टाकाऊ तुकड्यात एक भोक पाडून त्याच्या मापानेच खुंट्या घडवा. टेबलात भोक पाडताना खाली एक टाकाऊ फळी घट्ट बांधा, नाहीतर खालच्या बाजूच्या कपच्या उडतात.