आरसी क्रॉलर उभ्या चढासाठी सेट करायचाय? आधी वजन बघा, मोटर नंतर

क्रॉलर, म्हणजे दगड-कातळावर चढणारी रिमोटची छोटी गाडी, घेतला की पहिला प्रश्न हमखास हाच असतो, कुठली मोटर टाकू म्हणजे चढ चढेल. मोटर बहुतेक वेळा पुरेशी असते हो. १/१० स्केलची गाडी, म्हणजे ॲक्सियलची एससीएक्स१०-२ किंवा ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ वगैरे, डब्यातून निघते तशीसुद्धा ताकदीला कमी नसते, पुढे-मागे दोन्ही डिफ लॉक (म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात) असतील तर तर नाहीच नाही. उभ्या कातळावर ती अडकते ती दोनच कारणांनी, एकतर टायर घसरतात नाहीतर नाक उचलतं आणि गाडी मागे पालथी होते. आणि या दोन्हीचा संबंध वजन कुठे बसलंय आणि किती उंचावर बसलंय याच्याशी आहे, म्हणून पैसे खर्च करायच्या आधी घरातला किचनचा वजनकाटा काढा.

काट्यावर पुढची दोन चाकं ठेवा, मागची चाकं तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर, आकडा लिहून घ्या, मग उलटं करा. बॅटरी आणि बॉडी लावूनच मोजायचं. समजा पुढे १३०० ग्रॅम आणि मागे १३०० ग्रॅम आले, म्हणजे निम्मं-निम्मं. आता पुढच्या ॲक्सलवर ३०० ग्रॅम पितळ चढवलं, नकल (चाक वळवणारा सांधा), डिफ कव्हर, रिमच्या आतल्या रिंगा मिळून, तर पुढचा वाटा ५५ टक्क्यांवर जातो. आणि मागे ठेवलेली १५० ग्रॅमची बॅटरी उचलून सर्व्होच्या (स्टिअरिंग फिरवणाऱ्या मोटरच्या) वर पुढे आणली की तोच आकडा ६० टक्के होतो, तेही एक रुपया न घालवता. म्हणून मी नेहमी सांगतो, बॅटरी ट्रे आधी हलवा, पितळ नंतर घ्या. पितळ महाग वाटत असेल तर कारच्या टायर बॅलन्सिंगला लावतात त्या चिकटवायच्या वजनाच्या पट्ट्या टायरच्या दुकानात मिळतात, त्या रिमवर आतून फिरवून लावल्या तरी काम होतं, फक्त दोन्ही चाकांत सारख्या लावा आणि आधी रिम स्पिरिटने पुसून घ्या नाहीतर दुसऱ्या दिवशी टायरमध्ये खडखड सुरू.

हे ६० टक्के का हवेत ते आकड्यात बघा, एकदा बघितलं की डोक्यात बसतं. व्हीलबेस ३१३ मिमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० मिमी उंच धरला तर सपाटीला पुढे ६० टक्के असलेल्या गाडीच्या पुढच्या चाकांवर ४५ अंशाच्या चढावर फक्त ३४ टक्के भार उरतो. निम्मं-निम्मं वाली असेल तर २४ टक्के. म्हणजे चढ उभा होत गेला की सगळं मागे सरकतं, आणि पुढची चाकं नुसती कातळाला चाटून जातात. आता उंची बघा. तीच ६०-४० ची गाडी गुरुत्वमध्य ८० मिमीवर असेल तर गणिताने साधारण ६७ अंशाला उलटते, १०० मिमीवर असेल तर ६२ ला. २० मिमीने ५ अंश गेले! म्हणून छतावरचं कॅरिअर, स्टेपनी, जेरी कॅन, लाइटची पट्टी, हे सगळं फोटोला छान दिसतं पण उभ्या चढाला जाताना काढून ठेवा. जाड प्लास्टिकच्या बॉडीऐवजी पातळ लेक्झानची (पॉलिकार्बोनेटची) बॉडी टाकली तर वरचं बरंच वजन एका फटक्यात जातं, माझ्या मते क्रॉलरवर करायचा हा सगळ्यात फायद्याचा खर्च आहे.

खरा आकडा काढायला एक लांब फळी घ्या, गाडी तिच्यावर उभी करा, मागच्या टायरच्या मागे एक लाकडी पट्टी ठोका म्हणजे घसरणार नाही, आणि फळी हळूहळू उचलत जा, फोनमधलं लेव्हलचं ॲप फळीवर ठेवलेलं असू दे. पुढची चाकं ज्या अंशाला सुटतात तो तुमचा आकडा. मागे हात धरायला कोणीतरी घ्या. प्रत्येक बदलानंतर हे पुन्हा करायचं, आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

आता सस्पेन्शन. चढावर मागच्या स्प्रिंगा दबतात आणि पुढच्या उघडतात, म्हणजे चढ असतो ५० अंश पण चॅसी त्याहून जास्त कललेली असते. यावर उपाय म्हणजे मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा किंचित कडक ठेवायची, आणि पुढच्या शॉकमध्ये पिस्टनच्या खाली शाफ्टवर सिलिकॉन ट्यूबचा ५-६ मिमीचा तुकडा घालायचा म्हणजे शॉक पूर्ण उघडत नाही आणि नाक वर येत नाही. मोठ्या खऱ्या रॉक क्रॉलर गाड्यांमध्ये याचसाठी चॅसीचं नाक विंचने पुढच्या ॲक्सलकडे खाली ओढून धरतात. पण पार आवळू नका, चाक खड्ड्यात उतरायला थोडी मोकळीक लागतेच.

मागच्या लिंकचे (ॲक्सल चॅसीला जोडणाऱ्या दांड्यांचे) कोनही तपासा. थ्रॉटल दिला की मागचा भाग खाली बसत असेल तर मागच्या वरच्या लिंकचं चॅसीकडचं टोक एक भोक खाली घ्या, बसणं कमी होतं. जास्त केलं तर मागचा ॲक्सल टुणटुण उड्या मारायला लागतो, तेव्हा परत एक भोक वर. आणि थ्रॉटल देताच गाडी एका कुशीला झुकते ना, तो ड्राइव्हशाफ्टच्या टॉर्कचा परिणाम, ज्या बाजूला दबते त्या बाजूच्या मागच्या शॉकची कॉलर थोडी आवळली की बराच सरळ होतो.

टायरबद्दल लोक ब्रँडवर भांडतात, फोमबद्दल कोणी बोलत नाही. रबर मऊ हवं हे खरंच, पण आतला फोम चुकीचा असला तर मऊ रबराचा काही उपयोग नाही. वजन वाढवलंत की कंपनीचा मऊ फोम चढावर मागच्या बाजूला पार चेपतो, टायर रिमवर दुमडतो आणि गाडी अजून मागे बसते. पुढे मऊ आणि मागे जरा घट्ट, किंवा दोन थरांचा फोम, बाहेर मऊ आत कडक, असा ठेवा. हवा जायला टायरला किंवा रिमला भोक हवंच, नाहीतर टायर चेंडू होतो. आणि टायर बोटाने दाबून बघा, गाडीच्या वजनाखाली दोन-तीन नॉब (टायरवरचे उंचवटे) जमिनीला एकदम टेकायला पाहिजेत.

पकड किती लागते याचा अंदाज असू द्या, ४५ अंशाला घर्षणाचा आकडा १ लागतो, ६० अंशाला १.७३. कोरड्या खडबडीत दगडावर मऊ टायर बरंच काही करतात, पण वर मुरूम किंवा धूळ असली की संपलं. पुण्यात वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीकडे बेसाल्टच्या पायऱ्या मस्त आहेत, पण पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि काल चढलेली लाइन आज अजिबात चढत नाही. कोकणातल्या जांभ्यावर पकड जबरदस्त मिळते, पण तो टायर खातो. चढायच्या आधी ओल्या फडक्याने टायर पुसायचे, लगेच फरक दिसतो.

गिअरिंगचं थोडक्यात. ब्रश मोटर असेल तर ३५ ते ५५ टर्न (मोटरमधल्या तारेचे वेढे) आणि लहान पिनियन (मोटरवरचं गिअर), वेग कमी झाला तरी चालेल, थ्रॉटलवर ताबा येतो. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ड्रॅग ब्रेक, म्हणजे थ्रॉटल सोडताच लागणारा ब्रेक, १०० टक्के, सुरुवातीचा पंच (झटका) कमी. ओव्हरड्राइव्ह गिअर मिळत असेल तर जरूर टाका, म्हणजे पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरतात, पुढून ओढ राहते आणि वळणही लहान होतं. किती आहे ते बघायला चाकांवर खडूने खूण करा, गाडी उचलून मागचं चाक १० फेरे फिरवा, पुढचं ११ फिरलं तर १० टक्के. सपाट पकडीच्या जमिनीवर मात्र गिअर आणि शाफ्टवर ताण येतो, म्हणून रस्त्यावर पळवू नका.

पितळ लावल्यावर सर्व्होला जड जातं हे विसरू नका. २५ किलोच्या (म्हणजे किलो-सेंमी टॉर्कच्या) पुढचा सर्व्हो घ्या, आणि दगडात चाक अडकून स्टिअरिंग दाबलं की गाडी क्षणभर मेल्यासारखी होत असेल तर ईएससीचा बीईसी (सर्व्होला वीज देणारा भाग) कमी पडतोय, वेगळा बीईसी लावा.

चालवताना सरळ लाइन घ्या, तिरकी नाही, आणि थ्रॉटल बारीक पण सलग. पुढचं हलकं वाटलं की थ्रॉटल सोडायचा नाही, थोडा कमी करायचा, आणि स्टिअरिंग डावं-उजवं हलवत पुढच्या टायरला दगडाची कड शोधू द्यायची. अडकलात तर रिव्हर्स अगदी हळू. मागे घरंगळताना एकदम ब्रेक लागला की गाडी हमखास उलटते, उलटणाऱ्या बहुतेक गाड्या चढताना नाही, मागे येताना उलटतात. मधेमधे मोटरला बोट लावून बघा, बोट टेकवत नसेल तर सावलीत दहा मिनिटं थांबा. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी सेलमागे ३.५ व्होल्टला बंद करा, घरी आल्यावर ३.८ वर आणून ठेवा, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवू नका.